चुन्याच्या ढिगावरची जास्वंद

देवगडला मावशीच्या घरी जास्वंद अशी कुणी मुद्दाम लावलेली नाही. गडग्याच्या कडेनं कुंपणासाठी काठ्या खोवल्या, त्यांना पालवी फुटली, आणि चाळीसेक वर्षांत त्यांची माणसापेक्षा उंच भिंत झाली. फूल गावठी, एकेरी, पाच पाकळ्यांचं. लाल म्हणजे असा लाल, की पावसात सगळं राखाडी झालेलं असतानाही ओटीवर बसल्या बसल्या डोळा तिकडेच जावा. देवाला घालून उरतात एवढी फुलं, म्हणून उरलेली खोबरेल तेलात उकळायची. माझ्या लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांना त्या तेलाचा वास आहे.

सांगलीत माझ्या परसात हे झाड असावं असं मला फार वर्षांपासून वाटत होतं. नर्सरीतल्या पिवळ्या, गुलाबी, दुरंगी जास्वंदी मी आणून पाहिल्या. देखण्या असतात, काहींची फुलं तर दोन-दोन दिवस टिकतात. पण मला हवा होता तो लाल, आणि तो मिळवायचा तर त्याच झाडाची फांदी आणायला हवी होती. गावठी जास्वंदीला आपल्याकडे बी धरलेलं मी कधी पाहिलं नाही. ती फांदीवरच पुढे जाते. मावशीच्या कुंपणातली शंभर झाडं म्हणजे खरं तर एकच झाड आहे.

परस मोकळं झालं ते २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानं. आमचं घर कृष्णेपासून फार लांब नाही. पाणी आठवडाभर अंगणात होतं. लिंबू गेलं, पेरू गेला, आणि उत्तरेची जुनी दगड-चुन्याची भिंत पाण्यात बसली ती पूर्ण आडवीच झाली. दगड उचलून नेले. बाकीचा राडारोडा गड्यांनी तिथेच पसरून सपाट केला, वरून पुराचा गाळ होताच. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा अंगणापर्यंत आलं आणि गाळाचा आणखी एक थर देऊन गेलं. वरून पाहिलं तर काळीशार, लोण्यासारखी माती. त्या भिंतीचं काय झालं हे आम्ही सगळेच विसरून गेलो. ही गोष्ट पुढे मला महागात पडली, म्हणून आधी सांगून ठेवते.

२०२२ च्या जूनमध्ये मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर देवगडला गेले. मावशी म्हणाली, "काठी खोवलस तरी रुजता गो ती." तिच्या मातीत रुजते, हे खरं. मला घाट चढून यायचं होतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, फार कोवळ्याही नाहीत आणि फार जूनही नाहीत अशा अकरा फांद्या काढल्या. प्रत्येकीची खालची पानं खुडली, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, वरून केळीचं पान. फोंडाघाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर असं करत घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. थकवा होता, तरी त्याच रात्री लावल्या. फांदी एकदा कापली की तिच्यातलं पाणी जायला लागतं, ती सकाळची वाट पाहत नाही.

लावताना वीतभर लांबीचे तुकडे केले. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरका, कारण मुळं पेराजवळून फुटतात. वरचा काप सरळ. वर दोनच पानं ठेवली आणि तीही अर्धी कापली, म्हणजे बाष्प कमी जातं. अर्धी वाळू, अर्धी माती, दुधाच्या पिशव्यांना खाली भोकं पाडून. अकरापैकी सात कुजल्या. मी त्या पावसात उघड्यावर ठेवल्या होत्या, पिशवीतली वाळू सतत चिंब राहिली आणि बुडखे काळे पडले. ज्या चार पत्र्याच्या आडोशाला सरकवल्या होत्या त्याच राहिल्या. जुलैच्या शेवटी पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ बाहेर डोकावलं. त्याआधी फांदी उपटून मूळ फुटलं का पाहण्याचा मोह फार होतो. मी एका फांदीला असं केलं होतं आणि कोवळी मुळं तुटली. ती बरोबर त्या सातांत गेली.

चारांतल्या तीन मैत्रिणींना दिल्या. चौथी, सगळ्यांत दणकट, सप्टेंबरात परसात लावली. जागा निवडली ती उत्तरेची, पडलेल्या भिंतीची. आमच्या परसात सहा तास ऊन मिळतं ते तेवढ्याच पट्ट्यात. बाकी सगळीकडे शेजारच्या इमारतीची सावली. जास्वंद सावलीत जगते, पानंही भरपूर धरते, पण फुलायचं मनावर घेत नाही.

दिवाळीपर्यंत छान चाललं. मग एक दिवस शेंड्याची दोन पानं फिकी दिसली. नोव्हेंबर संपेपर्यंत नवं येणारं प्रत्येक पान लिंबाच्या सालीसारखं पिवळं, आणि त्यावर शिरा मात्र हिरव्यागार. नक्षी काढल्यासारखं. खरं सांगायचं तर दिसायला सुंदरच होतं ते. शेजारच्या काकू म्हणाल्या, भूक लागली असेल, चिमूटभर युरिया घाल. घातला. झाडाला पंधरा दिवसांत तीन नवे फुटवे आले आणि तिन्ही जवळजवळ पांढरे. मग मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून रोज बोअरचं पाणी. जानेवारीत शेंड्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या.

संक्रांतीला तासगावचे भावजी आले. त्यांची द्राक्षबाग आहे. तिळगूळ हातात असतानाच ते मागच्या दारी गेले, झाडाजवळ उकिडवे बसले आणि विचारलं, "वहिनी, केवडा कधीपासून पडलाय?"

शब्द मला माहीत होता. पानं केवड्याच्या कणसासारखी पिवळट पडली की शेतकरी त्याला केवडा पडला म्हणतात. पण तो माझ्या परसात आहे हे मला कळलं नव्हतं. भावजींनी दाखवलं ते इतकं साधं होतं की ते मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. नत्र, म्हणजे युरियातला नायट्रोजन, कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं, म्हणून खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोह तसं हलवता येत नाही. जुन्या पानात गेलेलं लोह तिथेच राहतं, नव्यांच्या वाट्याला काही येत नाही, म्हणून शेंडा पिवळा आणि खालची पानं हिरवी. माझ्या झाडाची खालची सगळी पानं काळपट हिरवी होती. तीन महिने ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी फक्त पिवळी पानं बघत होते.

युरिया घालून मी झाडाला वाढायला लावलं होतं, आणि वाढायला लागणारं लोह तर मिळतच नव्हतं.

"मातीत लोह नाही का मग?" मी विचारलं. भावजी म्हणाले, काळ्या मातीत लोह रगड असतं. पण जिथं चुना जास्त तिथं ते बांधलं जातं, मुळाला उचलता येत नाही. त्यांनी विळ्यानं बुंध्यापासून हातभर अंतरावर उकरलं. वीतभर काळा गाळ होता, त्याखाली पांढरे, ठिसूळ गोळे लागले. स्वयंपाकघरातून लिंबू आणायला लावलं. गोळ्यावर चार थेंब पिळले तसा बारीक फेस आला आणि चरचर ऐकू आली. भिंत तिथेच होती. माझी जास्वंद साडेतीन वर्षांपूर्वी पडलेल्या भिंतीच्या चुन्यात उभी होती, आणि त्यात मी वरून बोअरचं क्षारांचं पाणी ओतत होते.

मावशीच्या अंगणातली माती आठवली. ती लाल आहे ती लोहामुळेच. जांभ्याची माती. लाखो वर्षांच्या पावसानं तिच्यातला चुना धुऊन नेला, लोह मागे राहिलं. सामू, म्हणजे पीएच, आम्लाकडे झुकलेला. तिथं काठी खोवली तरी रुजते यात मावशीचा हात आहेच, पण त्या मातीचाही आहे. मी फांदी आणली आणि माती तिथेच ठेवून आले.

खात्री करून घ्यायला माती तपासून आणली. सामू ८.४, मुक्त चुना १३ टक्के. जास्वंदीला साडेसहाच्या आसपास, किंचित आम्लधर्मी जमीन मानवते.

भावजींनी दोन कामं सांगितली, एक लगेच करायचं आणि एक सवडीनं. लगेचचं म्हणजे हिराकशीची फवारणी. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. हिरवट खडे असतात, हवेत राहिले की गंजल्यासारखे तांबूस होतात आणि मग उपयोगाचे नाहीत, त्यामुळे घेताना हिरवे बघून घ्यायचे. पूर्वी हिरडा आणि हिराकस उकळून काळी शाई करत, तीच ही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू, आणि ऊन उतरल्यावर पानाच्या दोन्ही बाजूंनी. आठ दिवसांनी मी पाहिलं ते विसरणार नाही. पिवळ्या पानावर जिथे जिथे थेंब बसला होता तिथे तिथे हिरवा ठिपका उमटला होता. पान सगळं हिरवं झालं नव्हतं. नुसते ठिपके, रांगोळीसारखे. यापेक्षा स्वच्छ उत्तर झाड देऊ शकलं नसतं. मी दुपारभर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ते पान दाखवत होते. (फरशीवर पडलेल्या थेंबांचे तांबडे डाग मात्र अजून आहेत. फवारताना खाली गोणपाट टाकावं.)

पण फवारणी म्हणजे तोंडात घास घालणं. पुढचं पान पुन्हा पिवळंच येणार होतं. खरं काम खालचं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी झाड उचललं. आधी अर्ध्यावर छाटलं, मुळांभोवती मातीचा गोळा धरून बाजूच्या घमेल्यात ओल्या पोत्यावर ठेवलं. मग खड्डा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. सांगायला सोपं आहे. पहिल्या वीतभर गाळानंतर पहार लागली. चुन्याचे गोळे, विटांचे तुकडे, एक अख्खा कोनाडा असावा असा गिलाव्याचा थर, त्याला अजून निळसर रंग होता. सासूबाई तिथे दिवा ठेवायच्या असं मिस्टर म्हणाले, आणि मग दोघंही जरा वेळ थांबलो. बारा घमेली राडारोडा निघाला. तळ आणि बाजू पहारीनं खरवडून काढल्या तरी चुना पूर्ण जाणार नव्हता, तो त्या सगळ्या पट्ट्यात आहे.

भरायला नर्सरीतून तांबडी माती आणली. तिच्यात तिच्या निम्मं मुरलेलं शेणखत, दोन घमेली जाड वाळू, आणि परसातला कुजलेला पालापाचोळा. शंभर ग्रॅम गंधकाची पूड सगळीकडे सारखी मिसळली. गंधक हळू काम करतं, मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि त्याला महिने लागतात. हिराकस नुसती मातीत टाकली तर चुना तिला लगेच बांधून टाकतो, म्हणून पन्नास ग्रॅम हिराकस पाच किलो शेणखतात कालवून दहा दिवस झाकून ठेवली होती, ती मुळांच्या पट्ट्यात घातली. झाड जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच बसवलं, भोवती उताराचा ओटा केला. आमच्याकडे पाणी कधी चढेल सांगता येत नाही, आणि जास्वंदीचं मूळ पाण्यात श्वास कोंडून मरतं.

बोअरचं पाणी बंद केलं. नळाचं द्यायचं, आणि पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप.

वीस दिवस झाडानं काही केलं नाही. उरलेली पानं टाकली, नुसत्या काड्या. मी रोज नखानं साल किंचित खरवडून पाहायची, खाली हिरवं आहे ना. होळीच्या नंतर एका काडीच्या डोळ्यावर तांबूस टोक दिसलं, मोहरीएवढं. मग दुसऱ्या. पाडव्याला पहिलं पान उलगडलं, आणि ते हिरवं होतं. देठापासून टोकापर्यंत, शिरांच्या मधलंसुद्धा.

फुलासाठी आणखी चार महिने गेले. कळ्या यायच्या, हरभऱ्याएवढ्या व्हायच्या आणि गळायच्या. मे महिन्यात हे होतंच, उन्हाचा ताव आणि पाण्यातला अनियमितपणा दोन्ही कळी सहन करत नाही. मी त्या काळात दोन दिवस गावाला गेले की परतल्यावर झाडाखाली कळ्यांचा सडा. आळ्यात उसाच्या पाचटाचं आच्छादन घातलं, ओल टिकायला लागली आणि गळ निम्म्यावर आली. बाकीचं पावसानं केलं. २०२३ ला श्रावण अधिक होता. त्या अधिक महिन्यात एका संध्याकाळी कळी बोटाएवढी लांब झाली, पाकळ्यांची गुंडाळी हिरव्या पेल्याच्या बाहेर आली. हे दिसलं की उद्या सकाळी फूल, हे लहानपणापासून माहीत. रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी सहाला पाहिलं तेव्हा अर्धवट उघडलं होतं, आठपर्यंत पूर्ण. मधला दांडा पाकळ्यांच्या बाहेर आलेला, त्यावर परागांचे पिवळे कण, आणि टोकाला मखमलीचे पाच लाल ठिपके. रंग तोच होता. मी फोटो काढून मावशीला पाठवला आणि फूल तोडलं नाही. संध्याकाळी ते मिटलं, दुसऱ्या दिवशी गळून पडलं, तोवर जाता-येता पाहिलं.

मावशीचा फोन आला. "देवाक नाय घातलंस?" तिला सांगितलं, पुढचं घालते.

पुढच्या वर्षीची मार्च महिन्यातली गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यात मी मोठी चूक करता करता राहिले. आळ्याशेजारी चार रोपं भेंडीची लावली होती. भेंडी, अंबाडी, कापूस आणि जास्वंद एकाच कुळातले, भेंडीचं फूल नीट पाहिलं तर ते ध्यानात येतं. कूळ एक, तसे शत्रूही एक. भेंडीवर पिठ्या ढेकूण (मिलीबग, रस शोषणारी कीड) आला आणि आठवड्यात जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसाचे पुंजके दिसू लागले. शेंडे आखडले, पानं चुरमुडली, खालची पानं चिकट. मुंग्यांची रांग बुंध्यावरून वर. पिठ्या ढेकणाचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, त्यासाठी त्या त्याला सांभाळतात, त्याच्या वाटेला जाणाऱ्या किड्यांना हाकलतात. म्हणून आधी मुंग्या तोडल्या. बुंध्याला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर ग्रीस फासलं. भेंडी उपटून पिशवीत बांधून टाकली. जास्वंदीचे आखडलेले शेंडे कापले, बाकी झाड पाण्याच्या जोरदार धारेनं धुतलं, आणि दर पाच दिवसांनी लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, साबणाच्या पाण्यात फेटून.

तिसऱ्या फवारणीच्या दिवशी पाहते तर नवीनच प्रकार. पांढरी, लांबट, अंगावर मेणाच्या झिपऱ्या असलेली जनावरं, पिठ्या ढेकणाच्या दुप्पट आणि चांगली चालणारी. मला वाटलं हे त्यांचे मोठे. पंप हातात होता. फवारायच्या आधी एक फोटो काढून भावजींना पाठवला, एवढंच शहाणपण सुचलं. त्यांचा उलट फोनच आला, "वहिनी, थांबा! ते आपलं माणूस आहे. आम्ही विकत आणून बागेत सोडतो."

ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती. पिठ्या ढेकणासारखंच रूप घेते आणि पिठ्या ढेकूणच खाते. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा किडा १८९८ मध्ये भारतात आणला गेला, आणि आता द्राक्षबागांत मुद्दाम सोडतात. माझ्या परसात तो कुठून आला, कुणी सोडला, कोण जाणे. पंप खाली ठेवला तो त्या मोसमात पुन्हा उचलला नाही. महिन्याभरात पुंजके गेले. नंतर काळ्या पंखांचे, नारिंगी डोक्याचे मसुराएवढे किडे पानांवर फिरताना दिसायचे. मी त्यांना नावानं हाक मारायचीच बाकी होते.

त्यानंतर झाड सुटलं. आता माझ्या खांद्याच्या वर गेलंय. थंडी सरताना, फेब्रुवारीच्या अखेरीस, छाटणी करते. जास्वंद नव्या फुटव्यावर फुलते, त्यामुळे तिसरा हिस्सा कापायला मन धजत नसलं तरी कापायचा, आणि बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर कापायचा, म्हणजे झाड मोकळं वाढतं. पावसाळ्यात रोज आठ-दहा फुलं असतात. शिंजीर येतो, समोरून तोंड न घालता बाजूनं, पेल्याच्या बुडाशी चोच खुपसून मध पितो आणि जातो. गणपतीत एकवीस दुर्वांच्या जुडीवर घरचं फूल असतं. फिरायला जाणारी मंडळी कुंपणावरून हात घालून दोन नेतात, त्याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता बाहेरच्या बाजूच्या फांद्या मी त्यांच्यासाठीच वाढू देते.

मावशी गेल्या मार्गशीर्षात येऊन गेली. झाडाशी उभी राहिली, फुलाकडे एकदा पाहिलं आणि वाकून आळ्यातली माती चिमटीत घेतली. बोटांत चोळली, वास घेतला. "ही तुमची न्हय," म्हणाली. मी सांगितलं, विकत आणलेली आहे, दोन फूट. पलीकडे चुना. तिनं विचारलं, "मुळां पलीकडे गेली काय?"

तोच प्रश्न माझ्याही मनात होता. दोन फुटांत मुळं किती दिवस राहणार? गेल्या महिन्यात पश्चिमेच्या एका फांदीच्या शेंड्याची तीन पानं फिकी झाली आहेत, शिरा हिरव्या. म्हणजे त्या बाजूचं एखादं मूळ भिंतीपर्यंत पोचलं. शेणखतात हिराकस कालवून झाकून ठेवली आहे, आज सहावा दिवस. रविवारी दहा होतील. त्या बाजूला ओट्याच्या बाहेर हातभर चर खणायचा आहे, पहार धार लावून आणली आहे.